वीस वर्षांच्या आराखड्याला पांढरा डाग

मी एक जुना आराखडा आहे. जुना म्हणजे इतका, की माझी वीस वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत.

मित्रांनो, प्रांताच्या रस्ते खात्यात माझा जन्म झाला. ‘पुढील वीस वर्षांचे रस्ते व पूल’ हे माझं नाव. अंगानं मी दुहेरी चादरीएवढा. पोटाला कागद आणि पाठीला जाड पांढरं कापड, म्हणजे मी टिकावा. माझ्यावरची प्रत्येक रेघ एका मोजणीवाल्या बाईंनी चालून काढली. त्यात दोन वर्षं आणि चपलांचे तीन जोड गेले.

नदीच्या एका वळणावर, पलीकडच्या काठाला, त्यांना चाळीस घरांची वस्ती दिसली. तिथली नर्सबाई औषधांची पेटी डोक्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून त्यांना भेटायला आली. गाऱ्हाणं तिनं काही सांगितलं नाही. पदर पिळत एवढंच म्हणाली, “ताई, पुलाची रेघ जरा जाड काढा. साहेब लोकांना बारीक दिसत नाही.”

बाईंनी लाल शाईनं जाड रेघ काढली आणि शेजारी आकडा घातला, एक. म्हणजे सगळ्या प्रांतात आधी हा पूल.

माझं फार कौतुक झालं. मंत्र्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. हात नेमका समुद्रावर पडला होता, तरी टाळ्या वाजल्या. सहा महिने मी भिंतीवर होतो. मग त्या जागी तोच फोटो मोठा करून लावायचं ठरलं आणि मला उतरवलं.

कपाट लहान होतं. हेडक्लार्कना सगळे घडीकाका म्हणत, कारण ते कशाचीही घडी घालत, नियमाचीसुद्धा. त्यांनी मला आडवं मोडलं, उभं मोडलं आणि वर बसून दाबलं. घड्या एकमेकींना छेदतात तिथं नेमकी ती वस्ती आली. मी ओरडलो असतो, पण आराखड्याला तोंड नसतं, फक्त प्रस्तावना असते.

दर वर्षी बैठकीत मला उघडत, माना हलवत, पुन्हा मिटत. दर पाच वर्षांनी माझ्यावरच्या सालावर नव्या सालाची चिठ्ठी चिकटवत. त्यामुळे माझं वय वाढत गेलं आणि वीस वर्षं कायम पुढचीच राहिली. घडीवरचा कागद मात्र झिजत होता. आधी पुलाची रेघ गेली, मग एकेक घर, आणि शेवटी खालचं पांढरं कापड दिसू लागलं.

पंधराव्या वर्षी मला संगणकावर चढवायला एक मुलगी आली. तिनं विचारलं, “काका, हे पांढरं काय आहे?”

घडीकाकांनी चष्मासुद्धा लावला नाही. “तळं असेल.”

तिनं निळा रंग भरला. चाळीस घरं, माणसं, कोंबड्या, सगळं एका बोटानं बुडालं. पंधरा वर्षांत नदीला जमलं नव्हतं ते.

आणि मग खात्याला काय पंख फुटले म्हणता! तळं आहे तर रस्ता हवा. तो अठरा दिवसांत मंजूर झाला. अलीकडच्या काठापर्यंत गुळगुळीत डांबर, वाहनतळ, बाक, बोटींचं तिकीटघर. तिकीटघरात एक माणूसही नेमला. तो रोज वेळेवर येतो आणि तळ्याची वाट बघतो.

नर्सबाईनं पुलासाठी केलेल्या अर्जालाही अखेर उत्तर गेलं, अकरा वर्षांनी. सदर वस्ती तळ्यात असल्यानं पुलाची गरज दिसत नाही, मात्र तळ्यात विनापरवाना राहत असल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

ते पत्र घेऊन ती कार्यालयात आली. त्याच आठवड्यात वस्तीतली एक बाळंतीण पाणी चढल्यामुळे पलीकडच्या काठावरच दगावली होती. समोर तिकीटघर दिसत होतं. साहेबांनी खुर्ची दिली, चूक मान्य केली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की दुरुस्ती पुढच्या फेरआढाव्यात होईल, पाच वर्षांनी.

“साहेब,” ती म्हणाली, “पोटातलं पोर पाच वर्षं थांबत नाही.”

साहेबांनी हे टिपून घेतलं.

बाहेर मी रद्दीच्या ढिगावर पडलो होतो. नर्सबाईनं माझ्या पोटाकडे पाहिलं, तो पांढरा डाग पाहिला. मग मला पालथं केलं आणि दुकानात कापड बघावं तशी माझी पाठ चिमटीत धरून पाहिली. आणि सरळ काखेत मारून नेलं.

आता माझ्या दोन्ही कडांना दोन काठ्या शिवल्या आहेत. चौघं जण मला खांद्यावर घेतात आणि मी पाण्याच्या वरून जातो. या पावसाळ्यात माझ्यातून नेलेल्या तिघी बाळंतिणी आणि त्यांची तीन बाळं सुखरूप राहिली. एका पुरात मात्र चौघांतल्या एकाचा पाय सुटला होता, आणि तो थोडक्यात वाचला. मला अभिमान वाटत असेल असं कुणी म्हणालं, तर मी चावेन. मी झोळी नाही. माझ्यावर पूल होता!

परवा खात्याचं पत्र आलं, रद्दी मोजल्याच्या चौथ्याच दिवशी. रद्दीच्या यादीत एक नकाशा कमी भरतो आहे, तरी नष्ट करण्यासाठी तो त्वरित परत करावा.

नर्सबाईनं त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं: “नकाशा ओला आहे. वाळला की पाठवते.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मला जपू नका. घडी घालताना तिच्याखाली कोण राहतं ते बघा, आणि पूल बांधा. तोवर मी ओलाच राहणार आहे.