शेवटच्या दिवसाचा रकाना

“भाऊजी, उद्या येताय की नाही, तेवढं सांगा,” मेहुणी फोनवर म्हणाली. “ताईने दोनदा विचारलं.”

“चारच रजा उरल्यात गं. आत्ताच घालवल्या आणि नंतर...”

बायको चार तासांवरच्या इस्पितळात होती. रविवारी तो जायचाच. बाकीचे दिवस मेहुणी बसायची.

गॅस पुरवणाऱ्या कंपनीत तो करारांची किंमत ठरवायचा. काम ऐकायला अवघड, मुळात सोपं. समजा, एक कारखाना म्हणतो, हिवाळ्यातल्या कुठल्याही चार दिवशी मला ठरल्या भावात जादा गॅस द्या; दिवस मी निवडणार. या हक्कांची किंमत किती? आज भाव चढलाय म्हणून हक्क वापरला आणि उद्या आणखी चढला तर? म्हणून सुरुवात शेवटच्या दिवसापासून करायची. त्या दिवशी पेच नसतो. फायदा असेल तर वापरायचा, कारण उद्या हक्क उरणारच नाही. मग आदला दिवस: आज वापरण्यात जास्त, की राखण्यात? असं एकेक पाऊल मागे येत आजपर्यंत पोचायचं. संगणक असे हजारो काल्पनिक हिवाळे चालवून बघतो. चार हक्कांची किंमत म्हणजे एकाच्या किमतीची चौपट नव्हे, हे तो नव्या लोकांना न कंटाळता समजावायचा. पहिला हक्क उत्तम दिवशी जातो, बाकीच्यांना उरलेसुरले दिवस.

दुपारी त्याने तीच मांडणी उघडली. हक्क चार. मेहुणी रोज फोनवर सांगायची, त्यावरून बायकोचे बरे दिवस, वाईट दिवस भरले. ‘शेवटचा दिवस’ या रकान्यापाशी हात अडला. त्याने डॉक्टरांना फोन लावला.

“तारीख कशी सांगणार हो? आठवडे असतील. दिवसही असतील.”

त्याने दोन महिने पुढची तारीख घातली. उत्तर आलं, थांबा. पुढचा आठवडा घातला. उत्तर आलं, आजच. ती तारीख त्याने घाईघाईने पुसली, कुणी वाचेल म्हणून.

“पंडित, डबा तसाच की,” शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. “कुणाचा करार एवढा?”

“घरचा.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. “मिटव ते. जा बाबा तू.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. ती झोपलेली होती. इंजेक्शन भारी आहे, नर्स म्हणाली. त्याने तिची नखं कापली, पांघरूण सारखं केलं, दिवसभर खुर्ची जवळ ओढून बसला. संध्याकाळी परतला. तिने डोळे उघडले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मेहुणीचा फोन आला. “ताई आज छान बोलली. अर्धा कप दूध घेतलं.”

“माझं काही म्हणाली?”

मेहुणी घुटमळली. “म्हणाली, ते काल का आले नाहीत? मी सांगितलं, आले होते गं, दिवसभर होते. तिला पटेना. आले असते तर मला उठवलं असतं, म्हणाली.”

त्याने फोन ठेवला. रजेचा अर्ज काढला, उद्याची तारीख लिहिली आणि ‘दिवस’समोर तीनचा आकडा घातला.

“सगळ्या एकदम?” साहेबांनी चष्मा वर केला. “पंडित, तुम्ही तर...”

“सही करा, साहेब. आज साडेसहाची गाडी आहे.”