इथून गेलेली गाडी गळत नाही

माझ्या गॅरेजच्या पाटीवर सव्वीस वर्षं एकच वाक्य होतं: 'इथून गेलेली गाडी गळत नाही.' मीच रंगवलं होतं. लोम साकच्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ते वाचायचा आणि मी खाली खुर्ची टाकून त्यांची तोंडं बघत बसायचो. गर्व म्हणा हवं तर. जन्मभर गाड्यांखाली उताणं पडलेल्या माणसाला दुसरं असतं काय?

म्हणूनच त्या बुधवारी दुपारी ख्रू लामाय आपला जुना हिरवा पिकअप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "थोंगबाय, माझ्या अंगणात डाग पडलाय," तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली.

ख्रू म्हणजे आमच्याकडे शाळेतल्या बाई, आणि ख्रू लामायनी मला चौथीत शिकवलं. आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, मी अठ्ठावन्नचा, तरी त्या समोर आल्या की माझे हात आपोआप जोडले जातात आणि कान गरम होतात. माझ्या कानांशी त्यांचा जुना परिचय आहे. फळा पूर्ण पुसल्याशिवाय नवं अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मी अर्धा फळा पुसायचो आणि उरलेल्यावर लिहायचो.

"कसला डाग, ख्रू?"

"तेलाचा. रविवारी तू तेल बदललंस, फिल्टर बदललास. सोमवारी डाग बशीएवढा होता. आज ताटाएवढा झालाय."

"गाडीचं वय झालं, ख्रू. रबर सुकतं. वरचं टॅपेट कव्हर झिरपत असेल. नाहीतर मागचं ऑइल सील. नाहीतर एखादं कुत्रं..."

"माझं कुत्रं गेल्या वर्षी मेलं."

"मग अंगणालाच उतार असेल. दुसऱ्याचं तेल वाहत आलं असेल."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर खरोखरच अंगणावर घसरलो होतो. ख्रूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, चाबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या पहाटे मला लोएला जायचंय. धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. घाटातून एकटीच जाणार आहे. आज संध्याकाळी पाच वाजता येते. तोवर गळती कुठे आहे ते शोध."

तो घाट मला पाठ आहे. एकामागून एक वळणं, मागे उसाचे ट्रक, आणि फोन लागत नाही. तिथे तेल संपलं तर इंजिन जाम होतं आणि गाडी चढावर उभी राहते. उभी राहिली तर नशीब.

मग मी रीतसर कामाला लागलो. गळती शोधताना लोक डाग असेल तिथे बघतात. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे गळती दिसते तिथे ती नसते. आधी इंजिन रॉकेलने धुवून स्वच्छ पुसायचं. मग त्यावर पावडर भुरभुरायची, खाली पुठ्ठा अंथरायचा आणि पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. पांढऱ्या पावडरवर काळी रेघ उमटते. ती वर जिथे सुरू होते तिथे चोर.

बायकोच्या फळीवरून घामोळ्यांची पावडर उचलली आणि अख्खं इंजिन पांढरं केलं. पंधरा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात बघतो तर टॅपेट कव्हर कोरडं. ऑइल सील कोरडं. काळी रेघ एकच, आणि ती सुरू होत होती ऑइल फिल्टरच्या काठापासून. म्हणजे मी रविवारी स्वतःच्या हाताने बसवलेल्या फिल्टरपासून.

रविवारी टीव्हीवर बॉक्सिंग चालू होतं. लाल चड्डीवाल्याने निळ्या चड्डीवाल्याच्या बरगडीत गुडघा घातला तेव्हा जुना फिल्टर माझ्या हातात होता, एवढं मला आठवत होतं. त्याच्या तोंडाची रबरी रिंग त्याच्यासोबत आली की नाही ते आठवत नव्हतं.

मागच्या अंगणातल्या भंगाराच्या पिंपात मी कोपरापर्यंत हात घातला. काढलेल्या प्रत्येक फिल्टरवर मी तारीख घालतो. रविवारचा सापडला. रिंगेची खाच रिकामी! म्हणजे जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावर नव्या फिल्टरची नवी रिंग बसवली. दोन रिंगा एकमेकींवर धड बसत नाहीत. आज थेंब थेंब गळतं, उद्या घाटात रिंग सरकली तर मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर. ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात करतात आणि थोबाडीत खातात.

"कचऱ्यात काय शोधताय?" मागून माझी बायको साइबुआ म्हणाली.

मी फिल्टर शर्टाच्या आत सारला. "पाना."

"पाना तुमच्या हातात आहे."

"दुसरा पाना." आणि पोट आवळून मी पुढे गेलो. मनात बेत पक्का होता. पाच मिनिटांत फिल्टर काढायचा, जुनी रिंग खिशात, नवा बसवायचा, आणि ख्रूंना सांगायचं, टॅपेट कव्हर होतं, आवळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे येऊन बघतो तर पिकअपभोवती सतरा बायका!

चूक माझीच. दुसऱ्या दिवशी सोळा तारीख होती, लॉटरीच्या सोडतीची. आमच्या गावात वाकडं केळफूल उगवलं, गाईला दोन तोंडांचं वासरू झालं, कुणाला सासू स्वप्नात दिसली, की तिथे पावडर चोळायची आणि उमटलेले आकडे वाचायचे, ही रीत आहे. मी या रितीला पंचवीस वर्षं नावं ठेवत आलोय. समोरच्या पपईच्या सॅलडच्या गाडीवाल्या पी चुएनने रस्ता ओलांडताना पाहिलं, की ज्याने आजवर एक तिकीट घेतलं नाही त्या थोंगबायने इंजिनाला पावडर फासलीय आणि खाली पुठ्ठा अंथरून थेंब जमवतोय. तिने ताबडतोब उदबत्ती लावली. नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली नळी घालून बंपरवर ठेवली. रेडिएटरला झेंडूची माळ होती.

"वा रे वा, थोंगबाय!" मला बघताच ती कडाडली. "आम्हाला अडाणी म्हणतोस आणि स्वतः गुपचूप आकडे काढतोस? आणि सांगत नाहीस? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?"

"अगं पी चुएन, ती गळती शोधायची पद्धत आहे!"

"हो, हो. आमची पण तीच पद्धत आहे. हा बघ, हा चार."

"चार कुठला, उलटा नऊ आहे," दुसरी म्हणाली.

"तू गेल्या वेळी पण उलटा नऊ म्हणालीस आणि माझं वाटोळं केलंस."

माझा संताप अनावर झाला. हातात झाडू घेऊन सगळ्यांना हाकलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सतरा बायका दोन-दोन हातांनी माझं इंजिन चोळताहेत. फिल्टरपासून निघालेली ती काळी रेघ पार पुसली गेली होती. पुरावाच नाहीसा! मी देवभोळा नाही, पण त्या क्षणी मला देव पावला. मी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणालो, "चोळा, चोळा. सावकाश चोळा."

पण फिल्टर तर बदलायला हवा होता. मी खाली वाकलो की पी चुएन माझी कॉलर धरी. "सोडत होईपर्यंत हात लावायचा नाही. थेंब बंद झाला तर तू जबाबदार."

"गाडी ख्रूंची आहे. उद्या पहाटे त्यांना घाटातून जायचंय."

"ख्रूंना दुसरी गाडी बघू. पण हा थेंब दुसरीकडे मिळणार आहे का?"

या वादात पाच वाजले आणि ख्रू लामाय छत्री टेकत आल्या. बायका बाजूला झाल्या. त्यातल्या बाराजणींचे कान त्यांनी पिळले होते. ख्रूंनी माळ बघितली, सरबत बघितलं, मग मला बघितलं.

"सापडली गळती?"

"नाही, ख्रू," मी म्हणालो. "या बायांनी सगळं पुसून टाकलं. काय सांगणार? वयच झालंय गाडीचं. थेंबभर गळतं, फार काही नाही."

"घाटात जायला हरकत नाही?"

मी घसा खाकरला. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं. हो म्हटलं तर... माझ्या डोळ्यांपुढे तो हिरवा पिकअप वळणावर उभा दिसला आणि मागून ट्रक. मला स्वतःची लाज वाटली, पण तोंडातून शब्द फुटेना.

"तू काही बोलत नाहीस म्हणजे हरकत नसावी," ख्रू म्हणाल्या. "तुझा शब्द माझ्यासाठी पुरे आहे. दे चाबी." हात पुढे करता करता त्या थांबल्या आणि जमिनीकडे बघू लागल्या. "गाडीचं राहू दे. थोंगबाय, तू कुठून गळतोयस?"

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या चपलेवर काळा थेंब पडला. मग आणखी एक. फिल्टर तीन दिवस पिंपात पडला तरी त्यात वाटीभर तेल राहतं, हे मी लोकांना शिकवतो. ते तेल माझ्या पोटावरून विजारीत आणि विजारीतून चपलेवर उतरलं होतं.

"डाग चपलेवर आहे," ख्रू शांतपणे म्हणाल्या, "पण तूच सांगतोस ना, गळती दिसते तिथे नसते. वर बघायचं." आणि छत्रीच्या टोकाने विजार, पट्टा असं करत त्या माझ्या पोटापर्यंत आल्या. टण् आवाज झाला.

सतरा बायका माना उंचावून बघू लागल्या.

मी शर्टातून फिल्टर काढला. पिकअपखाली गेलो, सरबताची बाटली लाथेने पाडली, आणि बसवलेला फिल्टर पिळून काढला. तेल मनगटावरून बगलेपर्यंत आलं. बाहेर येऊन मी एका हातात पाना तसाच ठेवून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत दोन काळ्या रिंगा धरल्या, सगळ्यांना दिसतील अशा.

"चूक माझी आहे," मी मोठ्याने म्हणालो. "जुनी रिंग काढली नाही, तिच्यावरच नवी बसवली. मला तीन तासांपूर्वी कळलं आणि मी लपवलं. गाडीचं वय नाही, अंगणाचा उतार नाही. ही पाटी खोटी आहे."

माझी सव्वीस वर्षांची अब्रू त्या दोन रिंगांसारखी हवेत लोंबत होती. पी चुएनचे डोळे विस्फारले.

"शून्य शून्य!" ती किंचाळली.

"दोन शून्य! आपणहून धरून दाखवतोय!" आणि सतरा बायका पिशव्या, पोरं सावरत तिकीटवाल्याच्या दिशेने धावत सुटल्या. मी जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली होती आणि ती ऐकायला शिल्लक राहिल्या फक्त दोघी. एक माझी बायको, आणि ती तोंडाला हात लावून हसत होती.

दुसऱ्या ख्रू. मी पुन्हा गाडीखाली शिरलो तशा त्या खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी बसल्या. "आता माझ्यासमोर बसव."

मी बसवला. फिल्टर टेकतो ती इंजिनावरची जागा फडक्याने पुसली, बोट फिरवून बघितलं, मग आरसा धरून बघितलं. नव्या फिल्टरची रिंग बोटाने चाचपली, तिला ताज्या तेलाचा हात लावला. हाताने फिरवत नेला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, बस्स. इथे पाना लावणारा मेकॅनिक नसतो, पैलवान असतो. तेल भरलं, इंजिन चालू केलं. वीस मिनिटं पुठ्ठा कोरडा.

ख्रूंनी फिल्टरखालून स्वतःचं बोट फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. मग म्हणाल्या, "फळा पूर्ण पुसायचा असतो, हे तुला पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"हो, ख्रू."

त्यांनी पाटीकडे बघितलं आणि चाबी घेतली. त्या गेल्यावर मी शिडी लावली आणि रॉकेलच्या फडक्याने सव्वीस वर्षं घासून काढली.

दुसऱ्या दिवशी सोडत झाली. शेवटचे दोन आकडे आले सात आणि शून्य. संध्याकाळी पी चुएन कमरेवर हात ठेवून आली. "तुझ्या दुसऱ्या हातात पाना होता ना? खाली वाकडा लोंबणारा? तोच सात! रिंगा पुढे नाचवल्यास आणि पाना मागे लपवलास. लपवायची खोडच आहे तुला." आता नंबर बुडाल्यावर त्या सगळ्या बायांना माझी कबुलीही आठवली. आठवडाभर बाजारात मला कुणी थोंगबाय म्हणालं नाही. 'दोन रिंगा' म्हणत. मी मान खाली घालून भाजी घेई. राग यायचा, पण कुणावर काढणार?

नवव्या दिवशी हिरवा पिकअप दारात थांबला. बहिणीचा डोळा चांगला झाला होता. ख्रूंनी गाडीच्या मागून एक पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. बहिणीच्या अंगणात तो रोज रात्री गाडीखाली अंथरला होता म्हणे. मी उलटसुलट करून बघितला. एक थेंब नाही. कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं: दहापैकी सात.

"ख्रू," मला राहवेना, "गळत तर नाही. तीन मार्क कुठे गेले?"

"तीन तास," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.

पाटीच्या रिकाम्या जागी मी तोच पुठ्ठा ठोकलाय. गिऱ्हाइकं विचारतात, आणि मला दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.