टाकीचे झाकण

"पाच मिनिटं चालतं आणि मरतं. चार दिवस हाच खेळ चाललाय, भाऊजी," वहिनी म्हणाली.

फिटरने गवत कापायच्या मशीनची दोरी खेचली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. सकाळपासूनचे हे चौथे काम. त्याची कंबर भरून आली होती. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर त्याने उद्यावर ढकलले असते. पण या घरात तो अकरा वर्षांनी पाऊल ठेवत होता.

पलीकडे खुर्चीत थोरला भाऊ बसला होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवे अंग गेले होते, वाचाही गेली होती. एके काळी दोघांचे एकच वर्कशॉप. पाना कसा धरायचा इथपासून थोरल्यानेच शिकवले, आणि एक दिवस चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "तुला जन्मात इंजिन कळायचं नाही!" धाकटा निघाला तो निघालाच. ना याने मागे वळून पाहिले, ना त्याने हाक मारली.

इंजिन आचके देत बंद पडले.

फिटरने प्लग काढून पाहिला. ठिणगी झकास. हवेची जाळी साफ. मग गुडघे टेकून कार्ब्युरेटर उघडला; त्यातही कचरा नव्हता. सगळे पुन्हा जोडले, दोरी खेचली. पाच मिनिटे, आणि पुन्हा तेच.

"अं… अं!" थोरल्याने डावी मूठ हवेत फिरवली.

वहिनी लगबगीने पाणी घेऊन आली. त्याने पेला ढकलून दिला. निम्मे पाणी तिच्या अंगावर सांडले.

"रोज असंच करतात," ती ओला हात झटकत म्हणाली. "मूठ फिरवतात आणि माझ्यावर डोळे काढतात. मी नळ बघितले, कुलपं बघितली. काय हवंय तेच कळत नाही हो."

फिटर त्या मुठीकडे पाहत राहिला. मग त्याने पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले. फुस्स करून हवा आत शिरली. झाकणाला हवेसाठी सुईएवढे भोक असते. ते मातीने आणि तेलाने पार बुजले होते. आत हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हते.

"झाकण, वहिनी. दादा चार दिवस झाकण म्हणतोय."

वहिनी पायरीवर मटकन बसली. "आणि मी आपली पाणी पाजत बसले."

सुईने भोक मोकळे झाले. इंजिन दहा मिनिटे चालले, पंधरा मिनिटे चालले. थांबायचे नाव घेईना.

"तुझंच खरं, दादा," फिटर इंजिनच्या आवाजावर ओरडला.

थोरल्याच्या ओठाची डावी कड हलली. मग त्याने बोटाने गुडघाभर वाढलेले गवत दाखवले. हुकूम तो हुकूमच.

कंबर ठणकत होती, तरी फिटरने कुंपणापर्यंतचे सगळे गवत कापले. मशीन बंद करून तो भावाच्या पायाशी बसला.

थोड्या वेळाने त्याच्या मानेला काहीतरी लागले. थोरला डाव्या हाताने त्याच्या कॉलरमध्ये अडकलेली गवताची पाती काढत होता. डाव्या हाताला अशा कामाची सवय नव्हती. पण तो काढत राहिला, एकेक.