खांद्यावरचा हात

त्या फोटोवाल्याला सगळी गल्ली 'जैसे थे' म्हणायची आणि त्याला त्याचा केवढा तोरा! ज्याचं नाक बसकं, त्याचं फोटोतही बसकंच. कुणी भीतभीत म्हणालं, "टक्कल जरा झाकता येईल का?" तर हा त्याला टोपी घालून यायला सांगायचा. असल्या माणसाचं दुकान कधीच बसलं असतं, पण आतल्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन त्याची बायको बसलेली असे. गिऱ्हाईक तोंड पाडून निघालं की ती त्याला हळूच आत बोलवायची आणि चांगला गोरागोमटा, तरणाताठा करून पाठवायची.

"ही शुद्ध लबाडी आहे," तो म्हणायचा.

"आणि तुम्ही 'हनुवटी वर, पोट आत' म्हणता ते काय असतं?" ती विचारायची. यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायला निघून जायचा.

एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या आजी दुकानात आल्या. त्यांचे दोन मुलगे समोरासमोर राहायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. कारण काय, तर एक शिडी. धाकट्याने ती नेली आणि मोडून आणली, असं मोठा म्हणे. मुळात मोडकीच दिली होती, असं धाकटा म्हणे. शिडी केव्हाच भंगारात गेली, अबोला मात्र ठणठणीत होता.

"मला दोघं एका फोटोत हवेत," आजी म्हणाल्या. "एका भिंतीवर हा, दुसऱ्या भिंतीवर तो. बघून बघून मान अवघडते माझी."

"घेऊन या दोघांना. काढतो."

"ते एकत्र आले असते तर तुझी पायरी कशाला चढले असते मी?" आजी म्हणाल्या. जैसे थे उगीच लेन्स पुसत बसला. त्याला म्हातारीची कीव येत होती आणि तत्त्वही सोडवत नव्हतं, म्हणजे झाली ना पंचाईत.

"आजी, वेगवेगळे पाठवा," आतून बायको म्हणाली. "जोडायचं माझ्याकडे लागलं."

आईच्या शब्दाखातर मोठा सकाळी येऊन गेला, हाताची घडी घालून. धाकटा संध्याकाळी आला, हात खिशात कोंबून. जैसे थेने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून दोघांचे फोटो काढले. बायकोने ते जोडले आणि आजी फोटो छातीशी धरून घरी गेल्या. त्या गेल्यावर त्याची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली.

"मोठ्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर कसा आला?"

"मधे फार भकास दिसत होतं हो."

"पण हा हात कुणाचा?"

"तुमचा. आपल्या जुन्या फोटोतला. तिथे तो खुर्चीवर नुसता पडून होता."

दुसऱ्या दिवशी मोठा तोच फोटो घेऊन दुकानात घुसला. "मी याच्या खांद्यावर हात ठेवला? मी?" त्याच्या पाठोपाठ धाकटाही धापा टाकत हजर. आजींनी कौतुकाने दोघांच्याही घरी फोटो दाखवला होता. दोघं काउंटरपाशी उभे राहिले, पण बोलायचं ते फक्त फोटोवाल्याशी. बिचाऱ्या जैसे थेवर जन्मात पहिल्यांदाच लबाडीची बाजू घ्यायची पाळी आली.

"आजींना बरं वाटावं म्हणून," तो पुटपुटला.

"ते राहू द्या," धाकटा कडाडला. "हा दादाचा हातच नाही. दादाचं हे बोट वाकडं आहे. लहानपणी मी दार आपटलं तेव्हा मधे सापडलं होतं." असं म्हणत त्याने मोठ्याचा हात धरून जैसे थेच्या नाकासमोर नाचवला. "हे बघा. हे बोट तुम्ही सरळ केलंत कुणाला विचारून?"

"आणि नख काळं आहे माझं," मोठा म्हणाला. हात त्याने सोडवून घेतला नव्हता.

"हो. दादाचं नख कुठे गेलं?"

स्टँडवर कॅमेरा तयारच होता. जैसे थेने बटण दाबलं.

आवाज झाला तसा कुणी कुणाचा हात धरलाय हे दोघांच्या ध्यानात आलं आणि चटका बसल्यासारखे ते बाजूला झाले. समेट वगैरे काही झाला नाही. पायरी उतरता उतरता शिडी निघालीच. पण निदान भांडले ते एकमेकांशी बोलून, हेही नसे थोडके.

संध्याकाळी त्याने आजींना बोलावून नवा फोटो हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. जैसे थेला राहवेना.

"आजी, धाकट्याचं तोंड फार उघडं आलंय. मिटून देऊ का?"

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"राहू दे," आजी म्हणाल्या.

"मोठ्याच्या कपाळावरच्या आठ्या तरी?"

"त्या त्याच्या वडिलांच्या आहेत. त्यांना हात लावशील तर याद राख."

"बरं, मग तुम्हाला दोघांच्या मधे बसवून देतो. कुणाला कळायचं नाही."

आजींनी डोळे पुसले. "नको रे बाबा. जन्मभर यांच्या मधेच बसलेय. आता जरा लांबून बघू दे."