अपात्र कोळंबी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आणि निवृत्त झाल्यावर कोळंबीचे पाय बनवायला घेतले. म्हणजे मासे धरायच्या गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून हुबेहूब पाणकिडे, अळ्या, कोळंब्या बांधायच्या. माशाला त्या खऱ्या वाटल्या पाहिजेत, हा उद्देश. घरात मासा म्हणाल तर आजतागायत एक आलेला नाही. माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या मात्र चार संपल्या.

गळ टाकणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यांची दरवर्षी स्पर्धा असते. अकरा वर्षं पहिला नंबर माझ्या थोरल्या दिरांचा, दुसरा ह्यांचा. दीर दरवेळी म्हणणार, “अरे, तुझीही बरी होती हो!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. हे हसतात. ते हसणं कसलं असतं ते मला कळत नाही का? पस्तीस वर्षं संसार केलाय, गंमत नाही.

यंदा ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, थरथर वाढतच जाणार. सकाळी अर्धा तास काय तो हात शांत असायचा, तेवढ्यात हे एखादा पाय बांधायचे. एका कोळंबीला तीन महिने लागले. ही शेवटची, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोललो नाही. पिसं उडतील म्हणून मी उकाड्यात पंखासुद्धा लावला नाही.

स्पर्धेला परीक्षक म्हणून प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी ह्यांच्या कोळंबीवर भिंग धरलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग धरलं आणि एकदम भडकले.

“ही खरी आहे! खरा प्राणी चालत नाही, नियम वाचलेत ना?”

“सर, दोरा आहे तो,” हे म्हणाले.

“मला शिकवू नका. चाळीस वर्षं हेच केलंय मी. मादी आहे ही, पोटाखाली अंडी आहेत. अंड्यांवर आलेल्या जीवाला मारताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

अंडी कसली, डिंकाचे थेंब! सुईच्या टोकाने एकेक लावलेले. मला राहवेना. “अहो सर, ह्यांच्याच्याने घरातलं झुरळ मारवत नाही. ते मलाच मारावं लागतं!”

सगळे हसले. परीक्षक सोडून.

“मग सोपं आहे,” त्यांनी कात्री पुढे सरकवली. “हिचं पोट उघडून दाखवा. आत दोरा निघाला तर पहिला नंबर तुमचा. आत्ता, सगळ्यांसमोर जाहीर करतो.”

दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी ह्यांना कोपराने ढोसलं. “अहो, बघताय काय? लावा कात्री!”

ह्यांनी कात्री उचलली. हात लटलट कापत होता. दुसऱ्या हातावर कोळंबी घेऊन हे तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की मागची मंडळी कुरकुरायला लागली. मग ह्यांनी कात्री खाली ठेवली.

“नको. राहू दे.”

“म्हणजे खरी आहे, कबूल?”

“तुम्ही म्हणताय ना सर? तसंच लिहून द्या. सहीनिशी.”

मला असा संताप आला की तिथेच रडू फुटलं. अकरा वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास, आणि हा माणूस नको म्हणतोय! परीक्षकांनी ठसक्यात लिहिलं: अपात्र. कोळंबी खरी. खाली सही, तारीख, मंडळाचा शिक्का.

पहिला नंबर अर्थात दिरांचा. कप देताना परीक्षक माइकवर म्हणाले, “याला म्हणतात कला! अगदी खऱ्यासारखी!”

हे फिसकन हसले. आणि मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

टाळ्या संपल्यावर दीर कप काखेत धरून आमच्याकडे आले. ह्यांच्या हातातला कागद त्यांनी वाचला, परत एकदा वाचला.

“बदलतोस का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही रे दादा,” हे म्हणाले.

थोरल्या भावाला नाही म्हणताना मी ह्यांना पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं.