कुळाचं कापड

"काढ ते. आत्ताच्या आत्ता!" टॉर्किलने शवपेटीकडे बोट दाखवलं.

मार्सालीने आपल्या बापाच्या, फर्करच्या, पेटीवर मॅकईलोर कुळाचं टार्टन, म्हणजे कुळाची खूण असलेलं चौकड्यांचं लोकरी कापड, पसरलं होतं. हिरवं, पिवळ्या पट्ट्यांचं. टॉर्किलचा किल्टही, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा पुरुषी घागरा, त्याच कापडाचा.

"काका, आज तरी नको ना."

"फर्कर माझ्या आईचा मुलगा, माझ्या बापाचा नव्हे. शेकडो वर्षांपूर्वी कलोडनच्या लढाईत आमच्या पूर्वजांच्या अंगावर होतं हे. रक्ताशिवाय मिळत नाही."

पोरीने ओठ मिटून घडी घातली. जन्मभर 'आईचा मुलगा' म्हणून वावरलेल्या माणसाला मेल्यावर तरी सूट मिळेल, ही तिची आशाच भाबडी. टॉर्किलचा हेका म्हणजे हेका.

पेटी खड्ड्यात सोडताना डोक्याकडची दोरी सर्वांत जवळच्या नातलगाने धरायची असते. ती मात्र टॉर्किलने धरली, रीत म्हणून. मग सगळे हॉटेलात सूप आणि व्हिस्कीला जमले.

शोनागमावशी, दोघांच्या आईची बहीण, दुखऱ्या गुडघ्यांमुळे दफनाच्या वेळी गाडीतच बसून राहिली होती. तिने चमचा खाली ठेवला.

"काय रे टॉर्किल, फर्करवर कापड घातलंत ना?"

"ते आमच्या कुळाचं आहे, मावशी."

"डोंबलाचं कुळ! फर्करनेच विणलं ते. गिरणीत, माझ्या शेजारच्या मागावर. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. तुझ्या बापाला कुळांच्या मेळाव्यात मिरवायचं होतं, आणि तुमच्या नावाचं टार्टन कुठं नव्हतंच. निळं सूत संपलं म्हणून पोरानं पिवळं घातलं."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"माझ्या डोळ्यांदेखत विणलंय रे. कलोडनचं तुझ्या बापानं मागाहून चिकटवलं. चारचौघांत तुझा बाप खोटा पडू नये म्हणून पोरगा गप्प बसला. तुलासुद्धा बोलला नाही?"

टॉर्किलच्या पायाखालची जमीन सरकली. फर्करच्या लग्नातही त्याने हे कापड घालू दिलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणून फर्कर हसला होता आणि साध्या पँटवर उभा राहिला होता. ते हसू आठवलं आणि टॉर्किलला स्वतःचीच शिसारी आली.

"मार्साली, दे ते."

"आता कशाला, काका?"

त्याने हात पुढे केला. तिने घडी छातीशी धरली, मग दिली.

दफनभूमीत खड्डा बुजला होता. एक माणूस फावड्याच्या पाठीने माती चोपत होता. टॉर्किलने त्या मातीवर कापड पसरलं.

"वाऱ्यानं उडेल हो," माणूस म्हणाला. "कोण होते तुमचे?"

"भाऊ."

हा शब्द तो आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारत होता. उघडे गुडघे ओल्या चिखलात टेकून तो खाली बसला आणि कापडाची टोकं दोन्ही हातांनी दाबून धरली.