एका ताग्यातला नाताळ

माझी बायको पुष्पावती गेली हे मला खडीच्या ढिगाशी कळलं. दिवाळी तोंडावर आली होती, पाऊस झालाच नव्हता, आणि आम्ही गवंडी, सुतार, शेतकरी सगळे दुष्काळी कामावर एका रांगेत दगड फोडत होतो. नगरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने फाट्यावर गाडी थांबवली आणि खाली उतरून विचारलं, "कारभारी साळवे कोन?" दवाखान्यातून माझ्या सासूने, राहीबाईने, त्याच्याजवळ निरोप दिला होता. ताप उतरला नाही. पहाटे गेली.

मुकादमाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लई वाईट झालं. पन माप होईस्तोवर ढीग सोडू नको. दुसरा कुनी आपला म्हनंल."

मी तसाच एसटीत चढलो. ढीग दुसऱ्याने आपला म्हटला.

मातीला सगळी मंडळी आली. चर्चचे पाळकसाहेब चांगलं बोलले. घरी परतल्यावर माझी थोरली बहीण लंकाअक्का म्हणाली, "तिचा एखादा फोटू भिंतीला लावू." तेव्हा ध्यानात आलं, फोटोच नाही. लग्नात अक्काच्या नवऱ्याने, आबासाहेबांनी, ओळखीचा कॅमेरेवाला आणला होता. त्याने दिवसभर दिवा उडवला. आम्हाला माना वळवायला लावल्या, पाळकसाहेबांना आशीर्वाद पुन्हा द्यायला लावला. नंतर कळलं, कॅमेऱ्यात रोलच नव्हता. आबासाहेब म्हणाले, "पन दिवा कसला झकास हुता!" पुष्पावती पोट धरून हसली होती. म्हणाली होती, "आपन नाताळाला नगरला जाऊन काढू." दर नाताळाला काहीतरी निघायचं आणि ते राहायचं.

आता आमची सलोमी होती. दीड वर्षाची, नुकती पळायला लागलेली. तोंड सगळं आईचं. कपाळ आईचं, हनुवटी आईची, रुसल्यावर खालचा ओठ पुढे काढायची रीतसुद्धा तिचीच. मी ठरवलं, या नाताळाला पोरीचा एकटीचा फोटो काढायचा. तोंड मोठं दिसेल असा. तो भिंतीला लावला की दोघींचा होईल.

हे मी अक्काला बोललो. अक्का आबासाहेबांना बोलली. आबासाहेब पंचायत समितीत कारकून आणि चर्चच्या मंडळीत पंच, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यांच्या कानावर गेली की तिची सभा होते.

"येकटा जानार?" ते म्हणाले. "नाताळाच्या दिवशी? आईवेगळं लेकरू काखंत घेऊन बाजारात हिंडनार? लोक म्हंतील, ह्याला कुनी हाय का न्हाई?"

"फोटोच काढायचाय, दाजी."

"म्हनूनच. सगळे जाऊ."

सगळे म्हणजे आबासाहेब, अक्का, त्यांच्या चार मुली, आबासाहेबांची आई, आणि राहीबाई. राहीबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती नातीला सोडून राहणार नव्हती. लेक गेल्यापासून ती पोरीचं तोंड बघत बसायची, चुलीवरचं करपेपर्यंत.

त्या वर्षी रेशनच्या दुकानात एकच कापड आलं होतं. तांबड्यावर पिवळी फुलं. आबासाहेबांनी वट वापरून अख्खा तागा उचलला. आमच्यात नाताळाला नवं कापड अंगाला लागलंच पाहिजे. दुष्काळ असो, सुतक असो. अक्काने शिंप्याला ओट्यावर बसवला आणि सगळ्यांचं शिवून घेतलं. मुलींची परकर-पोलकी, म्हाताऱ्यांच्या चोळ्या, सलोमीचं झबलं, आबासाहेबांचा बुशशर्ट. माझाही. उरलेल्या तुकड्याची पिशवी झाली, करंज्या न्यायला. करंज्यांत सारण म्हणून दुष्काळी कामावर मजुरांना खायला देत ती सुकडीची गोड भुकटी होती. खोबऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती.

सकाळची उपासना उरकून आम्ही एसटीत चढलो. कंडक्टरने एकदा आबासाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग मुलींकडे.

"बँडवाले का? वाजंत्री टपावर टाकलीत जनू?"

"आमी पंच हाओत," आबासाहेब म्हणाले.

"मग पंचांनी सरकून बसा."

माळीवाड्याला उतरून कापडबाजारात शिरलो. बेकऱ्यांवर कागदाच्या चांदण्या टांगल्या होत्या. सगळ्या जिल्ह्यातले ख्रिस्ती लोक त्या दिवशी तिथेच आले असावेत. पावलापावलाला सलाम करावा लागे, आणि प्रत्येक सलामाला आबासाहेब थांबून सांगत, "हा माझा मेव्हना. बायको वारली ह्याची. त्याला जरा मन रमवायला आनलाय." समोरचा माझ्या तांबड्या-पिवळ्या शर्टाकडे बघून मान हलवायचा. माझं मन रमलं आहे हे सगळ्यांना दिसतच होतं.

सलोमीला फुगा हवा होता. अक्काने घेतला तो राहीबाईला पटला नाही. "निळा कशाला? पुष्पीला हिरवा आवडायचा."

"आवो, फुगा पोरीचा हाय का पुष्पीचा?"

"पोर तरी कुनाची हाय?"

त्यावर दोघी बाजार संपेपर्यंत बोलल्या नाहीत. फुगा तेवढ्यात फुटला.

स्टुडिओ माडीवर होता. आत मोठा पडदा, आणि पडद्यावर रंगवलेलं तळं. काठोकाठ भरलेलं, त्यात बदकं, मागे डोंगर. आमच्या गावची विहीर आटून तळ दिसत होता. आबासाहेबांच्या आईने तळ्याला हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, पानी हाय इथं." सलोमी थेट पडद्याकडे पळाली आणि बदकांवर थापा मारू लागली.

मी फोटोवाल्याला म्हटलं, "पोरीचा एकटीचा काढायचा. तोंड मोठं आलं पाहिजे."

"थांब रं," आबासाहेब म्हणाले. "आधी थोरामोठ्यांचा. इतकी मानसं जिना चढून आली ती बघायला का? लेकरू कुठं पळून चाललंय?"

मग सभा भरली. मधल्या खुर्चीवर कोण? आबासाहेब. शेजारी? त्यांची आई. म्हणजे राहीबाई कडेला. मग सलोमी कुणाच्या मांडीवर?

"माझ्या," अक्का म्हणाली. "दवाखान्याच्या येळंपासून मीच सांभाळतीया."

"माझ्या," राहीबाई म्हणाली. "माझ्या लेकीची लेक हाय."

एकीने दंड धरला, दुसरीने पाय. पोर किंचाळली. मी तिला सोडवून खाली ठेवली आणि हातात एक करंजी दिली. म्हटलं, "कुणीतरी एकीने घ्या. मला सांगू नका." आणि मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. फोटोवाला सारखं ओरडत होता, "लाइट जाईल! सकाळपासून दोनदा गेलीय! हलू नका!"

अक्काला वाटलं, पोर राहीबाईने घेतली. राहीबाईला वाटलं, अक्काने. राग आल्यामुळे दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. राहीबाईने करंज्यांची पिशवी पोटाशी धरली होती. आबासाहेबांनी खुर्चीतून तिकडे पाहिलं. मांडीवर तांबड्यावरची पिवळी फुलं दिसली. म्हणाले, "झालं. घ्या."

मी मागून पाहिलं. मलाही तीच फुलं दिसली. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं. त्याला आमच्यात सगळीकडे फुलंच दिसत असणार. दिवे लखकन पेटले. सगळे श्वास धरून बसले. आणि फोटो झाल्या झाल्या वीज गेली.

अंधारात राहीबाई म्हणाली, "लंकाबाई, आता तरी पोरीला इकडं द्या."

"माझ्याकडं कुठं हाय? तुमच्याच मांडीवर हाय की!"

"ही पिशवी हाय."

एकच आरडाओरडा झाला. मुली जिन्याकडे पळाल्या, आबासाहेब खुर्चीवर चढले आणि सगळ्यांना शांत राहायला सांगत सर्वांत मोठ्याने ओरडले. मी खुर्च्यांखाली चाचपडू लागलो. तेवढ्यात तळ्याच्या मागून हसण्याचा आवाज आला. मी पडदा वर केला. सलोमी भिंतीला टेकून बसली होती. तोंडाला सुकडी लागली होती.

वीज परत येण्याची आम्ही खूप वाट पाहिली. फोटोवाला म्हणाला, "आता नव्या वर्षात या." शेवटची एसटी गाठायची होती, माणसं भुकेली होती, आणि आबासाहेबांच्या मते काम उत्तम झालं होतं.

फोटो पुढे टपालाने आला. सगळे ठळक आले आहेत. राहीबाई पिशवीला पोटाशी धरून कॅमेऱ्याकडे इतक्या मायेने बघते आहे की अनोळखी माणूस पिशवीचं नाव विचारील. तळ्याच्या खालच्या कडेशी, पडद्याबाहेर, सलोमीचे दोन छोटे पाय दिसतात.

"आली की फोटूत!" आबासाहेब म्हणाले. "पाय तर आलेत." त्यांनी चौकट करून तो आपल्या घरी लावला.

राहीबाई कधीमधी तिथे जाते आणि चौकटीचा खालचा कोपरा पदराने पुसते. अक्का तिला खुर्ची देते. दोघी आता बोलतात.

मी पुन्हा खडीवर जातो. रजा मागितली की मुकादम म्हणतो, माप होऊ दे. सलोमीला दाढा आल्या आहेत. बायका म्हणतात, नाक बापावर चाललंय, हनुवटीही बदलायला लागली. मीही रोज बघतो. ओठ अजून आईचा आहे.

तिचा एकटीचा फोटो काढायचा राहिला आहे.